साठी, पंचाहत्तरी आणि हजार चंद्र

तुमच्या घरात या वर्षी कुणाची साठी, पंचाहत्तरी किंवा ऐंशी झाली का? झाली असेल तर ‘सरप्राइज’ नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्याही फोनवर असेल. आणि ज्यांना सरप्राइज द्यायचे त्यांनाच कुणीतरी चुकून त्यात घातलेही असेल. आमच्याकडे हे पहिल्याच आठवड्यात झाले. बाबांनी सगळी चर्चा शांतपणे वाचली आणि खाली एकच ओळ लिहिली, “माझा कसला सोहळा? हॉलचे पैसे वाचवा.”

त्यांचे म्हणणे मनावर घ्यायचे नसते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच संध्याकाळी माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने जेवताना विचारले, “आजोबांचा बर्थडे तर १ जूनला झाला. मग पार्टी ऑगस्टमध्ये कशी?” मी उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. खरे सांगायचे तर आजोबांचा वाढदिवस जूनमध्येही नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. शिवाय ही पार्टी वाढदिवसाचीच नव्हती. ते तिला समजावून सांगायचे म्हणून मी जुन्या गोष्टी शोधू लागले आणि हॉल, केटरर, पाहुण्यांची यादी या धावपळीत त्या शोधातच रमले. त्यात जे सापडले ते तुम्हांला सांगावेसे वाटते. कारण तुमच्याही घरात असा एखादा सोहळा आज ना उद्या येणारच आहे.

एक जूनची मुले

आपल्या मंडळातल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांचे पासपोर्ट एकत्र ठेवले तर एक गंमत दिसेल. त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म १ जूनचा निघेल. महाराष्ट्रात त्या काळी जून महिन्याला काही विशेष होते असे नाही. शाळा जूनमध्ये सुरू होत. वडील किंवा काका पोराचा हात धरून शाळेत जात. मास्तर जन्मतारीख विचारत. वडील सांगत, “मोठा पाऊस झाला त्या साली, पोळ्याच्या आसपास.” मग मास्तर पोराकडे एकदा बघून, शाळेत घेण्याइतके वय बसेल अशा बेताने १ जून लिहून टाकत. तीच तारीख पुढे मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर, तिथून पासपोर्टवर आणि शेवटी अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्सवर आली.

यात मास्तरांचा दोष नव्हता. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा १८८६ चा कायदा होता, पण तो सक्तीचा नव्हता. भारतभर जन्माची नोंद बंधनकारक करणारा कायदा आला १९६९ साली. खेड्यात जन्मलेल्यांना इंग्रजी तारीख नव्हती, पण तिथी होती, नक्षत्र होते आणि आईच्या मनात एक खूण होती. माझी आजी बाबांना सांगायची, “तुळशीचं लग्न लागलं द्वादशीला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू झालास.” साल शके १८६६. म्हणजे १९४४ च्या ऑक्टोबरचा शेवट. शाळेने लिहिले १ जून १९४४. त्यामुळे माझे वडील कागदोपत्री पाच महिन्यांनी म्हातारे आहेत आणि पाच महिने आधी निवृत्तही झाले.

हे सगळे ऐकून लेक म्हणाली, “मग इतकी वर्षं आपण चुकीच्या दिवशी केक कापत होतो?” होय, तसेच म्हणायचे.

दूध, गूळ, तीळ आणि शांती

वाढदिवस साजरा करणे ही सगळी साहेबाची देणगी, असे आपण सहज म्हणून जातो. केक आणि मेणबत्त्यांपुरते ते बरोबर आहे. पण वर्षाच्या वर्षाला जन्मतिथी पाळण्याचा विधी आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याला वर्धापनविधी म्हणतात. त्या दिवशी तेल लावून आंघोळ करायची, कुलदेवतेची पूजा करायची, आणि दीर्घायुषी मानल्या गेलेल्या मार्कंडेय, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम यांचे स्मरण करायचे. मग तीळ आणि गूळ घातलेले दूध ओंजळीतून प्यायचे. घरातल्या बायका औक्षण करत. दिवा ओवाळायचा असतो, फुंकून विझवायचा नसतो. म्हणून मेणबत्त्या फुंकणाऱ्या नातवंडांकडे बघताना आजीच्या कपाळावर अजूनही एक आठी उमटते.

हा झाला दर वर्षीचा विधी. मोठ्या टप्प्यांसाठी वेगळी व्यवस्था होती, आणि तिचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. ते नाव आहे शांती. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एक शांती सांगितलेली आहे. साठीची उग्ररथ शांती, सत्तरीची भीमरथी शांती, आणि ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन. नावांवरूनच कळते की त्या काळी माणसे साठी गाठली म्हणून आनंदाने नाचत नव्हती. साठी ही घाटातल्या अवघड वळणासारखी वाटायची. तिथे गाडी जरा थांबवायची, देवाला हात जोडायचे आणि पुढे निघायचे. थांबल्यावर करायचे मुख्य काम म्हणजे दान. धान्य, वस्त्र, तूप, ज्याला जे परवडेल ते. काही घरांत तुला करत. तराजूच्या एका पारड्यात यजमान आणि दुसऱ्यात गूळ किंवा धान्य. वजनाइतका तो गूळ नंतर वाटून टाकायचा. सोहळा ज्याचा, देणाराही तोच.

साठ हाच आकडा का, याचेही कारण आहे. आपल्या पंचांगात संवत्सरांची साठ नावे आहेत. प्रभवपासून क्षयपर्यंत गेले की पुन्हा प्रभव. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे बारा वर्षांची आणि शनीची सुमारे तीस वर्षांची. गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या साठ वर्षांत होतात आणि दोघे जवळपास मूळ जागी येतात. म्हणून माणूस साठ वर्षांचा झाला की त्याच्या जन्माच्या वेळचे संवत्सर परत येते. षष्ट्यब्दिपूर्ती म्हणजे एक पूर्ण फेरी.

हजार चंद्रांचा हिशेब

आता सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस. हे गणित मुलांना जरूर घालून बघा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजारांना गुणले की २९,५३० दिवस. त्याला ३६५.२५ ने भागले की उत्तर येते ८० वर्षे आणि सुमारे १० महिने.

आजीच्या पद्धतीनेही तेच येते. वर्षाचे बारा महिने, ऐंशी वर्षांचे ९६०. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना, म्हणजे ऐंशी वर्षांत साधारण तीस. झाले ९९०. उरलेले दहा महिने एक्क्याऐंशीव्या वर्षात. प्रत्यक्षात कुणी ऐंशी पूर्ण झाली की हा सोहळा करतात, कुणी एक्क्याऐंशी पूर्ण झाल्यावर. पाहुण्यांच्या सुट्ट्या आणि हॉलची उपलब्धता पाहून चंद्रालाही थोडे मागेपुढे व्हावे लागते.

पण माझ्या लेकीला ‘साधारण’ चालत नाही. तिने आजीची खूण घेतली, संगणकावर १९४४ ची तुळशीच्या लग्नानंतरची पौर्णिमा काढली. ती निघाली ३१ ऑक्टोबरला. तिथून एकेक पौर्णिमा मोजत ती हजाराव्या पौर्णिमेपर्यंत आली. ती पडली ९ ऑगस्ट २०२५ रोजी. नारळी पौर्णिमा, आणि वार शनिवार! हॉल घ्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला? बाबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा तपासला. हयातभर इंजिनिअर म्हणून काम केलेल्या माणसाला समारंभ नको असतो, पण बरोबर आलेले उत्तर नाकारता येत नाही. तिथे त्यांचा विरोध संपला.

वाढदिवस घराबाहेर येतो

घरातली शांती सार्वजनिक सोहळा कशी झाली, हा या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला भाग.

११ मे १८८८. मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात मोठी सभा भरली होती. जोतीराव फुले यांनी वयाची साठी ओलांडली होती आणि त्यांच्या समाजकार्याला चाळीस वर्षे झाली होती. त्यानिमित्त हा सत्कार होता. रावबहादूर विठ्ठल कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. आज आपण महात्मा फुले असे इतक्या सहज म्हणतो की हा शब्द कुठल्या सरकारने किंवा विद्यापीठाने दिलेला नाही, हे विसरूनच जातो. तो लोकांनी एका साठीच्या कार्यक्रमात दिला. आणि वेळेवर दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात चालेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले. नोव्हेंबर १८९० मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी जरा निवांत करू, असे मुंबईकरांनी म्हटले असते तर?

दुसरे उदाहरण उलटे आहे. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून साम्राज्यभर हीरक महोत्सव होता. रौप्य, सुवर्ण, हीरक हे महोत्सव आपल्याकडे रुळले ते इंग्रजी ज्युबिलीवरून. पुण्यात त्या वर्षी प्लेगने घरेच्या घरे रिकामी झाली होती. घरांची झडती घेणाऱ्या सोजिरांच्या वागणुकीमुळे लोक संतापलेले होते. आणि गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर रोषणाई आणि मेजवानी चालली होती. तिथून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लोकांच्या मनात नसलेला सोहळा त्यांच्यावर लादला की तो कुणाच्याच आनंदाचा राहत नाही.

त्याच पुण्यात एकोणीस वर्षांनी दुसरी साठी झाली. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. मंडालेहून सुटून त्यांना दोन वर्षे झाली होती. गायकवाड वाड्यात माणसांची रीघ लागली. लोकांनी वर्गणी काढून एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्या काळचे एक लाख! आणि त्याच दिवशी सरकारनेही आपली भेट पाठवली. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्यावी, वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत, अशी ती नोटीस होती. पुढे बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. थैलीचे काय झाले? ती टिळकांनी स्वतःसाठी ठेवली नाही, देशकार्याला दिली. तुलेतला गूळ वाटून टाकण्याची जुनी रीत इथे नव्या रूपात दिसते.

पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी वाढदिवसाला दिली एक संस्था. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना त्या दिवशी झाली. शिवाय जगभरच्या विद्वानांच्या लेखांचा गौरवग्रंथही होता. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. याच संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. वाढदिवसाची एखादी भेट किती वर्षे पुरावी, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आणि महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांना बहिष्कृत केले होते. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर त्यांचा सत्कार झाला, पंतप्रधान नेहरू आले, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. आपल्यासारख्या परदेशस्थांनी कर्व्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ पासून, ते महिला विद्यापीठाच्या कामासाठी युरोप, अमेरिका आणि जपान फिरले. त्यानंतर निधी जमवायला आफ्रिकेत गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. तिथल्या भारतीय वस्त्यांत हा म्हातारा माणूस दारोदार गेला आणि परक्या मुलखात पोट भरायला गेलेल्या लोकांनी पुण्या-मुंबईतल्या मुलींच्या शिक्षणासाठी पैसे दिले. आपल्या मंडळांच्या देणग्यांची परंपरा तितकी जुनी आहे.

या सगळ्यात एक धोकाही आहे. तो नेमका एका जयंतीच्याच व्यासपीठावरून सांगितला गेला. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांनी रानड्यांचा मोठेपणा सांगितलाच, पण विभूतिपूजेबद्दल कडक इशाराही दिला. आदर करा, पण आपली बुद्धी गहाण टाकू नका, असा त्याचा मथितार्थ. आपल्या घरगुती समारंभातही ‘दोन शब्द’ बोलायला उठलेले काका वीस मिनिटे झाली तरी बसत नाहीत, तेव्हा मला त्या इशाऱ्याची आठवण होते.

सतरंज्या कुणी घातल्या?

हे सगळे वाचताना एक प्रश्न मला सारखा पडत होता. मांडवीच्या सभागृहात त्या दिवशी सतरंज्या कुणी घातल्या? गायकवाड वाड्यात आलेल्या माणसांच्या पानसुपारीची सोय कुणी पाहिली? लाख रुपयांची वर्गणी म्हणजे किती जणांनी किती दारे ठोठावली असतील? भाषणे छापली जातात, पदव्या लक्षात राहतात. पण समारंभ उभा करणाऱ्यांची नोंद कुठे राहत नाही. त्यांत बायकांची तर अजिबातच नाही.

हा प्रश्न मला पडायचे कारण बाबाच आहेत. ते १९७० साली इथे आले. खिशात आठ डॉलर होते, असे ते सांगतात. त्यानंतरच्या पंचावन्न वर्षांत त्यांनी मंडळाचे कोणतेही पद घेतले नाही, स्टेजवर कधी पाय ठेवला नाही. पण गणपती असो, दिवाळी असो किंवा नाटक असो, चर्चच्या तळघरातला हॉल होता तेव्हापासून आजच्या शाळेच्या ऑडिटोरियमपर्यंत, खुर्च्या लावायला ते सर्वांत आधी येतात आणि त्या उचलून झाल्यावर सर्वांत शेवटी जातात. लहानपणी मला याची लाज वाटायची. बाकीच्या मैत्रिणींचे बाबा माइकवर बोलायचे आणि माझे बाबा मागे खुर्च्यांच्या चळतीशी. त्यांच्या साठीला, २००४ साली, आम्ही दोन्ही भावंडांनी नुसते फोन केले. पंचाहत्तरी ‘पुढच्या वर्षी सगळे जमलो की करू’ म्हणून ढकलली, आणि पुढचे वर्ष २०२० निघाले. त्या वर्षात बाबांचे दोन जिवलग मित्र गेले. दोघांचेही अमृतमहोत्सव राहूनच गेले. म्हणून या वेळी मी हट्ट धरला.

मग सुरू झाली ती धावपळ तुमच्या ओळखीची आहे. ऐंशी पाहुण्यांची यादी एकशे चाळीसवर गेली. केटररला ‘जैन’, ‘ग्लूटेन नको’, ‘डायबेटिस’ आणि ‘पुरणपोळी हवीच’ हे सगळे एकाच मेन्यूत बसवायचे होते. कॅलिफोर्नियातल्या धाकट्या भावाने स्प्रेडशीट केली आणि आईने ती न उघडता स्वतःची वही केली. शेवटी वहीच बरोबर निघाली. एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण करायचे म्हणून दोन आत्यांनी आदल्या रात्री बसून कणकेचे एक्क्याऐंशी दिवे वळले. सकाळी हॉलच्या मॅनेजरने अग्निशामक खात्याचा नियम दाखवला: उघडी ज्योत चालणार नाही. दिव्यांची ताटे गाडीत परत गेली.

आणि बाबा? उत्सवमूर्ती अकरा वाजता सजून यायची होती. मी साडेआठला हॉलवर पोचले, तर ते नवा झब्बा कोपरापर्यंत वर सारून खुर्च्या लावत होते. “नऊ-नऊच्या रांगा कर, मध्ये व्हीलचेअरला वाट ठेव,” ते माझ्या लेकीला शिकवत होते. मी रागावणार होते. पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. तिला काहीतरी महत्त्वाचे शिकायला मिळत होते, आणि शिकवणाऱ्यालाही ते ठाऊक होते.

जेवणाआधी बाबा बोलले. जन्मात पहिल्यांदा माइकवर. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर नावे होती. पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट देणारा रूममेट. गाडी चालवायला शिकवणारा शेजारी. आईच्या बाळंतपणात महिनाभर डबे पोचवणारी वहिनी. अठ्ठावीस नावे त्यांनी वाचली, त्यांतली अकरा माणसे समोर बसली होती. “हजार चंद्र मी पाहिले, पण त्यांतले बरेच या लोकांच्या गच्चीवरून,” एवढे म्हणून ते बसले. दोन मिनिटेही झाली नसतील. तुलेतल्या गुळाची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

संध्याकाळी घरी, अंगणात, आत्यांनी कणकेचे दिवे लावले. नारळी पौर्णिमेचा चंद्र समोरच्या घराच्या छपरावर आला होता. औक्षण झाले. बाबांनी तीळगूळ घातलेले दूध ओंजळीतून प्यायले. त्यातले थोडे नव्या झब्ब्यावर सांडले.

आपल्या सगळ्यांची साठी

जाता जाता आणखी एक हिशेब. २०२५-२६ सालच्या संवत्सराचे नाव विश्वावसु. याआधी ते आले होते १९६५-६६ साली. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर जणांना इथे स्थायिक होण्याची मुभा होती. नव्या कायद्याने देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडली, आणि डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका, विद्यार्थी यांना वाट मोकळी झाली. तुमचे-माझे आईवडील त्या वाटेने आले. म्हणजे २०२५ च्या दिवाळीत इथल्या आपल्या वस्तीचीही षष्ट्यब्दिपूर्ती झाली. एक फेरी पुरी झाली. पंचविशीत आलेली ती मुले-मुली आता हजाराव्या चंद्राच्या आसपास आहेत.

म्हणून या फराळाच्या दिवसांत एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि त्यांची खरी जन्मतिथी विचारा. पासपोर्टवरची नको, त्यांच्या आईने सांगितलेली. कुठला सण होता, कुठले पीक उभे होते, पाऊस होता का. ते लिहून ठेवा आणि मुलांना चंद्र मोजायला बसवा. मग हॉल बघा. छोटा चालेल, घरची पडवी चालेल, केकही चालेल. फक्त ‘पुढच्या वर्षी’ म्हणू नका. आणि त्या दिवशी सकाळी उत्सवमूर्ती खुर्च्या लावताना दिसली, तर तिला अडवू नका. शेजारी उभे राहा आणि दुसऱ्या टोकाने रांग धरा.